सौर झटका मशीन: मुंबईहून गावाला नेण्याआधी

भाताची कापणी उरकली की कोकणात गुरं मोकळी सुटतात ती थेट मृगापर्यंत. या काळात आंब्या-काजूची कलमं, पावटा, कुळीथ, भाजी सगळं त्यांच्या तोंडाशी असतं. राखणीला माणूस नाही, गडग्याचे दगड ढासळलेले, काट्याकुट्याची वई दरवर्षी नव्याने घालायला मजूर मिळत नाही. म्हणून मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, सौर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं सौरऊर्जेवरचं यंत्र, विचारणारे चाकरमानी आता सर्रास दिसतात. या संचाबद्दल आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. मशीन चांगलं आहे आणि काटेरी तारेपेक्षा शंभर पटींनी बरं आहे. पण खोक्यात घालून ‘संपूर्ण संच’ म्हणून जे विकतात, ते कोकणात पुरं पडत नाही. बॅटरी लहान, पॅनेल लहान, अर्थिंगचं सामान जवळपास नाहीच. मशीन पाच हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मिळतं. जेवढे पैसे मशीनला घालाल तेवढेच तारेला आणि अर्थिंगला बाजूला ठेवा.

काम कसं चालतं ते थोडक्यात. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मशीनच्या आतला कपॅसिटर भरतो आणि साधारण सेकंदाला एकदा ट्रान्सफॉर्मरमधून तारेत रिकामा होतो. दाब हजारो व्होल्टचा, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. मधला वेळ तार मोकळी असते, त्यामुळे जनावर झटका खाऊन मागे सरकू शकतं. घरातली २३० व्होल्टची लाइन तारेत सोडली तर हेच होत नाही. ती अखंड वाहते, स्नायू आखडतात आणि जनावर असो वा माणूस, सुटू शकत नाही. गाय मरते, बिबट्या मरतो, पहाटे बांधावरून जाणारा शेजारी मरतो. हा सरळ गुन्हा आहे. ‘आकडा टाकून काम भागेल’ असं गावात कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा.

खोक्यावरच्या आकड्यांचं बघू. ‘२५ एकर’, ‘५० एकर’ असं ठळक छापलेलं असतं. कुंपण एकरात मोजत नाहीत, लांबीत मोजतात. दहा एकर जागा चौकोनी असेल तर परीघ सुमारे ८०५ मीटर. तीच दहा एकर डोंगरउतारावर ५० मीटर रुंदीच्या पट्ट्यात असेल, आणि कोकणात अशीच असते, तर परीघ १,७०० मीटरच्या वर जातो. तीन पदरी तार धरली तर पाच किलोमीटर. मशीन तेच, जागा तेवढीच, भार दुपटीहून जास्त. ‘१२,००० व्होल्ट’ हाही आकडा तार न जोडता मोजलेला असतो. गवत टेकल्यावर किती उरतो ते त्यातून कळत नाही. विचारायचं ते एकच: आउटपुट किती जूल, म्हणजे एका ठोक्याला तारेत किती ऊर्जा जाते? बरेच जण ‘स्टोअर्ड जूल’ सांगतात, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा. तारेत पोचते ती त्याच्या साधारण दोन तृतीयांश. दुसरी गोष्ट, मशीनवर आयएस ३०२ मालिकेतल्या भाग २-७६ या मानकाचा किंवा त्याच्या आंतरराष्ट्रीय जोडीदाराचा, आयईसी ६०३३५-२-७६ चा, उल्लेख असायला हवा. त्यात ५०० ओमच्या भारावर एका ठोक्याला ५ जूलची कमाल मर्यादा आहे आणि ठोके सेकंदाला एकापेक्षा जास्त नकोत. ‘आमचं मशीन दहा जूल मारतं’ असं अभिमानाने सांगणाऱ्या दुकानातून रिकाम्या हाताने निघा.

आता बॅटरी. पहिल्या पावसाळ्यात संच बंद पडतो तो बहुतेक वेळा इथेच, म्हणून हिशोब नीट मांडतो. दीड जूलच्या आसपास आउटपुट देणारं मशीन ३०० मिलिॲम्पिअर ओढतं असं धरा. ०.३ ॲम्पिअर गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला ७.२ ॲम्पिअर-अवर; बॅटरीची क्षमता याच मापात मोजतात. संचासोबत येणारी बॅटरी अनेकदा ७ किंवा १२ ॲम्पिअर-अवरची असते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, त्यामुळे ७ मधले साडेतीनच वापरायचे. ते बारा तासांत संपतात. जुलैत सलग तीन दिवस सूर्य दिसला नाही तर २१.६ ॲम्पिअर-अवर लागतात, दुप्पट केले की ४३. म्हणजे ४० ते ५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी हवी. पॅनेलचंही तसंच. ढगाळ दिवसांत दोन तासांचं पूर्ण ऊन मिळालं असं मानलं, तर २० वॅटचं पॅनेल जेमतेम सव्वादोन ॲम्पिअर-अवर परत देतं आणि खर्च सातचा आहे. ७५ वॅटचं पॅनेल घेतलं तर हिशोब जुळतो. काही मशीनवर ‘फक्त रात्री’ असं बटण असतं, खर्च निम्मा होतो. रानडुकरांसाठी ते ठीक. गुरं दिवसाढवळ्या येतात, तेव्हा त्या बटणाच्या भरवशावर लहान बॅटरी घेऊ नका.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, २० अंशांच्या आसपास कललेलं बसवा, पावसाने धूळ धुऊन निघते. माडाखाली नको. सावली तर पडतेच, झावळ पडून काचही फुटते. आणि ॲसिडची बॅटरी मुंबईहून रेल्वेने नेऊ नका, ती न्यायला परवानगी नाही. ती महाड, चिपळूण, जिथे गाव जवळ तिथे घ्या. वॉरंटीचं कामही तिथेच सोपं पडतं.

अर्थिंगकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि जांभ्या दगडाच्या मुलखात तेच सगळ्यात अवघड काम आहे. झटका बसायला वीज तारेतून जनावराच्या अंगात, पायातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळीपर्यंत परत यावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये कातळ आणि वरची माती इतकी कोरडी पडते की हा रस्ताच तुटतो. टेस्टरवर सहा हजार व्होल्ट दिसतात आणि गाय मात्र तार ढकलून निवांत आत शिरते. ‘मशीन डुप्लिकेट निघालं’ म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांपैकी अनेकांचं मशीन शाबूत असतं, अर्थिंग मेलेलं असतं.

किमान तीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) सळ्या किंवा पाइप, प्रत्येकी दीड ते दोन मीटर, एकमेकांपासून तीन मीटर अंतरावर ठोका. जागा ओलीची निवडा: विहिरीच्या कडेला, वहाळाच्या काठाला, मोरीचं पाणी मुरतं तिथे. मशीन घरापाशी आणि अर्थिंग वहाळापाशी असलं तरी चालतं, मध्ये जाड जीआय तार ओढा. घराच्या विजेच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर लांब राहा, नाहीतर ठोके घरातल्या टीव्हीत आणि फोनच्या लाइनमध्ये शिरतात. पहार लावूनही सळी जात नसेल तर आडवा चर खणून त्यात पाइप निजवा आणि बेंटोनाइट, म्हणजे ओल धरणारी चिकणमाती, भरा. मीठ-कोळसा घालण्याची जुनी सवय इथे टाळा, मिठाने जीआय लवकर खाल्लं जातं. लोहार चाळीत ‘साहेब, तांब्याची सळी घ्या, एक नंबर’ असं हमखास ऐकायला मिळेल. इमारतीच्या अर्थिंगला ती उत्तम आहे. इथे तार जस्ताच्या मुलाम्याची, सळी तांब्याची, वर खारी हवा. त्या सांध्यावरचं जस्त झपाट्याने झडतं. सळी, क्लॅम्प, नट, तार सगळं जीआयच घ्या.

अर्थिंग तपासायची रीत सोपी आहे. मशीनपासून शंभरेक मीटर लांब, जिवंत तारेला लोखंडी गज टेकवून ते जमिनीत रोवा, तारेतला दाब २,००० व्होल्टच्या खाली येईपर्यंत. गज टेकवताना मशीन बंद ठेवा. मग चालू करून शेवटची अर्थिंग सळी आणि तिच्यापासून मीटरभर लांब जमिनीत खुपसलेला टेस्टरचा खिळा यांमधला दाब बघा. ३०० व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग पुरेसं आहे. जास्त असेल तर सळ्या वाढवा. ही तपासणी एप्रिलमध्ये करा. पावसाळ्यात सगळ्यांचंच अर्थिंग पास होतं. त्यासाठी कुंपणाचा खास डिजिटल टेस्टर घ्या. घरातला मल्टिमीटर लावाल तर तो जळेल.

तार २.५ मिलिमीटरची, हाय टेन्साइल (ताण सोसणारी), जस्ताच्या जाड मुलाम्याची. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मोजून मिळते. बांधकामाची मऊ बायंडिंग वायर ताणली की लोंबते आणि दोन पावसांत गंजते. रंगीत दोरीत स्टीलचे बारीक धागे विणलेली पॉलीवायर तात्पुरत्या कामाला छान, गुरांना लांबूनही दिसते. पण स्वस्तातल्या दोरीचा रोध इतका असतो की अर्ध्या किलोमीटरवर ठोका लुळा पडतो. इन्सुलेटर चिनी मातीचे किंवा उन्हाने न तडकणारे प्लॅस्टिकचे. बागेच्या पाइपचे तुकडे कापून खिळ्याने ठोकणं हा गावातला लोकप्रिय उपाय आहे, पण खिळ्याच्या भोकातूनच वीज गळते आणि ओला बांबू ती मुकाट पिऊन टाकतो. गिरीपुष्पाचे जिवंत खांब चालतात, इन्सुलेटर पक्का असला तर.

कवाडाखालून तार न्यायची तर दुहेरी इन्सुलेशनची, २० किलोव्होल्टची कुंपण-केबलच लागते. दुकानात घरगुती वायर पुढे करतात. ती १,१०० व्होल्टची असते. जमिनीत पुरल्यावर तिच्या आवरणातून सगळा ठोका मातीत जातो आणि दोष कुठे आहे ते शोधता शोधता सुट्टी संपते. आणि काटेरी तारेत झटका कधीही सोडू नका. मानकातही त्याला मनाई आहे. काट्यात कातडी अडकली की जनावर मागे सरकू शकत नाही, सेकंदाला एक याप्रमाणे ठोके खात राहतं.

उंचीचं गणित संचातल्या पत्रकावरून उचलू नका. पत्रकात बहुधा ९० सेंटिमीटरची एक तार पुरे असं लिहिलेलं असतं, ते थोराड गाईंच्या हिशोबाने. आपल्याकडे २०१८ साली स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेलेली कोकण कपिला अंगाने लहान आहे. तिचं नाक चरताना बरंच खाली असतं, ९० सेंटिमीटरच्या तारेखालून ती मान घालून सरळ आत येते आणि तार पाठीवरच्या केसांवरून घसरते. झटका नाकाला बसला तरच तो लक्षात राहतो, कारण नाक ओलं असतं. आम्ही सुचवतो ती मांडणी अशी: ४० सेंटिमीटरवर अर्थिंगला जोडलेली तार, ६५ आणि ९५ वर गरम, म्हणजे ठोका वाहणाऱ्या, तारा. उन्हाळ्यात जमीन कोरडी असली तरी मान आत घालणारी गाय खालची आणि मधली अशा दोन्ही तारांना लागते, वीज जमिनीवर अवलंबून राहत नाही. वासरूही याच फटीतून घुसतं, त्यालाही तेच. म्हशी असतील तर वरची तार १०० ते १०५ वर घ्या. चिखलात लोळून आलेली ओली म्हैस झटका जोरात घेते. अंगावरचा चिखल वाळला की तोच तिचं चिलखत होतो, त्यामुळे तिच्या बाबतीत तर नाकाजवळची तार ढिली असून चालतच नाही. तार शिंगात अडकून खांब उपटू नये म्हणून कोपऱ्यावर ताणस्प्रिंग लावा.

खालची तार अर्थिंगची ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि आम्हाला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. रानडुकरांसाठी जमिनीपासून २० सेंटिमीटरवर गरम तार घ्या असं सांगितलं जातं. त्या उंचीवर खवले मांजर येतं. तारेला लागलं की ते पळत नाही, स्वतःला गुंडाळून घेतं, कधी तारेसकट, आणि ठोके थांबत नाहीत. खवले मांजर आणि घोरपड दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. भाजीचा छोटा तुकडा डुकरांपासून राखायचाच असेल तर तेवढाच वेगळा घेरा, वेगळ्या स्विचवर. सगळ्या वाडीला खालची गरम तार नको.

पहिला दिवस फार मोलाचा. तार ओढून मशीन ‘पुढच्या शनिवारी लावू’ म्हणून मुंबईला परतू नका. त्या आठवड्यात गुरं तार चाटतात, खाजवतात, वाकवतात, आणि तार निरुपद्रवी आहे हे शिकतात. ते पुन्हा पुसायला महिने जातात. तार पूर्ण झाली की त्याच वेळी पूर्ण दाबाने चालू करा, सगळ्यात लांबच्या टोकाला ४,००० व्होल्ट मिळताहेत ना बघा. ३,००० च्या खाली गेलं तर गुरं जुमानत नाहीत. दर पाच-सहा मीटरवर पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा. जिथून गुरं नेहमी शिरतात त्या वाटेवर गरम तारेला ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे लावून त्यांवर काकवी चोपडा. गाय हुंगायला सावकाश येते, नाक लावते आणि मागे फिरते. कळपातली म्होरकी शिकली की बाकीच्यांचं निम्मं काम होतं. हाकलत, कुत्री सोडत गुरांना तारेवर घालू नका. घाबरलेलं जनावर झटका खाऊन पुढेच उसळतं आणि तार तोडून आत येतं. वासरू आत, आई बाहेर अशी वेळ आली तर आधी मशीन बंद, मग कवाड उघडं, मग लांब उभं राहा.

हे मशीन पिकाभोवती लावायचं आहे, गुरांभोवती नाही. कोकण कपिला टिकून आहे ती सड्यावर (कातळाच्या पठारावर), रानात, कापलेल्या खाचरांत मोकळी चरते म्हणूनच. तिला वर्षभर दावणीला वैरण घालणं कुणालाच परवडणारं नाही. त्यामुळे आखणीआधी गुरांची पाणवठ्याची वाट कुठून जाते ते गावात विचारा आणि तिथे किमान चार मीटरची पाणंद सोडा. ती अडवली तर तहानेलेला कळप एकतर तार तोडतो, नाहीतर महामार्गावर उतरतो, आणि रात्री डांबरावर बसलेल्या म्हशीला ट्रकवाला शेवटच्या क्षणापर्यंत बघू शकत नाही.

नेहमीच्या त्रासदायक जनावरांच्या कानातला पिवळा बिल्ला बघा. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो, पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यावरून मालक कळतो. कायद्याने नुकसान करणारं जनावर पकडून कोंडवाड्यात पाठवता येतं, पण अनेक गावांत कोंडवाड्याच्या नुसत्या भिंती उरल्यात. मालकाशी चहावर बोलणं जास्त लवकर फळ देतं. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, नांगर पॉवर टिलरने घेतला, आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. सोडून दिलेल्या बिनबिल्ल्याच्या बैलासाठी ग्रामपंचायतीला लेखी कळवा. ब्लेडच्या तारेने फाटलेलं, जखमेत किडे पडलेलं जनावर दिसलं तर १९६२ वर फोन करा, फिरतं पथक येतं.

पावसाळ्यात मशीनची खरी परीक्षा. टाकळा आणि रानमोडी पंधरा दिवसांत गरम तारेपर्यंत पोचतात; प्रत्येक ओलं पान थोडी थोडी वीज जमिनीत नेतं आणि टोकाचे ४,००० व्होल्ट बघता बघता १,५०० वर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला तारेखाली कोयता फिरवणारा माणूस ठरवून, पैसे ठरवून ठेवा. तो मिळणार नसेल तर मशीन घेऊच नका. कुंपणाचे तीन-चार भाग पाडून प्रत्येकाला कट-आउट स्विच द्या, बिघाड शोधणं सोपं होतं. मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या वळवात विजा तारेतून थेट मशीनमध्ये येतात. आकाशातली वीज मशीनऐवजी जमिनीत उतरवणारा लाइटनिंग अरेस्टर बसवा, त्याला स्वतंत्र अर्थिंग द्या, आणि गडगडाट सुरू झाला की मशीनच्या दोन्ही वायरी काढा.

वाटेच्या कडेला १० बाय २० सेंटिमीटरच्या पिवळ्या पाट्या, दोन्ही बाजूंनी वाचता येतील अशा, दर पन्नास मीटरवर लावा. मुलांच्या शाळेच्या वाटेला तार दोन हात आत घ्या. आणि मुंबईतल्या सोसायटीच्या कंपाउंडवर, देवळाबाहेरच्या गाईंना हाकलायला म्हणून हे मशीन कुणी सुचवलं तर साफ नकार द्या. गर्दीच्या पदपथावर याचं काहीच काम नाही.

खरेदी करताना दुकानात मशीन बॅटरीवर चालू करून किती करंट ओढतं ते ॲमीटरने दाखवायला सांगा, वरचा हिशोब त्या आकड्याने पुन्हा करा. बिलावर आउटपुट जूल, अनुक्रमांक आणि सर्किट बोर्डची वॉरंटी लिहून घ्या. बोर्ड मुंबईतच दुरुस्त होतो की परराज्यात पाठवतात हे विचारा. परराज्यात जात असेल तर ते दिवस कुंपण मेलेलं राहणार, तेव्हा सुटा बोर्ड त्याच दिवशी घेऊन ठेवा. सोबत ‘संपूर्ण संच’ घेऊ नका. मशीन, टेस्टर, अरेस्टर आणि कुंपण-केबल मुंबईतून. बॅटरी, पाइप आणि खांब गावाजवळून.